घर पाहावे बांधून : दोन जगप्रसिद्ध इमारती आणि त्या उभ्या करतानाच्या अडचणी



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण मुलांना शिकवतो, तिचा अर्थ वहीत लिहून देतो आणि पुढच्या म्हणीकडे वळतो. पण ज्याने एकदा घर बांधले आहे त्याला या म्हणीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. वाळूची गाडी आज येते म्हणून चार दिवस येत नाही. स्लॅब टाकायच्या दिवशी नेमके आभाळ भरून येते. गवंडी लग्नासाठी गावाला जातो. जोते बांधून झाल्यावर घरात कुणाला तरी वाटते, स्वयंपाकघर जरा मोठे हवे होते. आणि शेवटी अंदाजपत्रकातला आकडा आणि प्रत्यक्षात झालेला खर्च यांची गाठ काही पडत नाही.

मग जगातल्या मोठमोठ्या इमारती बांधताना काय होत असेल? पाठ्यपुस्तकात त्यांचा फोटो असतो आणि खाली दोन ओळी असतात : अमुक शहरात आहे, इतकी उंच आहे, अमुक साली पूर्ण झाली. ती पूर्ण कशी झाली, हे मात्र कुठे येत नाही. खरे शिकण्यासारखे तर तिथेच आहे.

आजच्या पाठासाठी मी दोन इमारती निवडल्या आहेत. एक न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि दुसरी सिडनीचे ऑपेरा हाऊस. पहिली ठरल्या वेळी आणि ठरल्यापेक्षा कमी खर्चात उभी राहिली. दुसरी दहा वर्षे उशिरा आणि ठरलेल्या खर्चाच्या चौदा पटींहून जास्त पैशांत. असे का झाले, हा आपला प्रश्न. आठवी ते दहावीच्या वर्गात दोन तासिकांत हा पाठ सहज घेता येईल. भूगोल, गणित, विज्ञान आणि प्रकल्पकार्य या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे.

१. ४१० दिवसांत १०२ मजले

एम्पायर स्टेट बिल्डिंगचे बांधकाम १७ मार्च १९३० रोजी सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी इमारतीचे उद्घाटन झाले. मुलांना दिवस मोजायला सांगा. ४१० येतील. मजले १०२, छतापर्यंतची उंची सुमारे ३८१ मीटर. म्हणजे सरासरी चार दिवसांना एक मजला पडला. आपल्याकडे एक स्लॅब टाकून त्याच्या सेंट्रिंगच्या फळ्या काढायलाच किती दिवस लागतात, हे मुलांना घरी विचारून यायला सांगा. मग त्यांना या वेगाची खरी कल्पना येईल.

इतकी घाई का होती? कारण न्यूयॉर्कमध्ये त्या काळी कार्यालयांचे भाडेकरार १ मेपासून सुरू होत. ती तारीख चुकली तर भाडेकरू हातचे जाणार, म्हणजे वर्षभराचे नुकसान. शिवाय शहरात सर्वांत उंच इमारत कोणाची, याची चढाओढ चालू होती. क्रायस्लर बिल्डिंग नुकतीच उभी राहत होती.

आता हे जमले कसे ते बघा.

वास्तुविशारद होते श्रीव्ह, लॅम्ब अँड हार्मन आणि कंत्राटदार होते स्टॅरेट ब्रदर्स अँड ईकेन. कंत्राटदार अगदी सुरुवातीपासून आराखड्याच्या चर्चेत बसले होते. त्यामुळे ‘हे कागदावर छान दिसते, पण बांधायचे कसे?’ हा प्रश्न नंतर उपटला नाही. इमारतीचे बहुतेक मजले एकसारखे ठेवले होते. खिडक्या, पोलादी तुळया, बाहेरचे दगडी तक्ते या सगळ्यांचे ठरलेले थोडेच प्रकार होते. एक मजला जमला की पुढचा त्याच पद्धतीने करायचा.

जागा शहराच्या अगदी मध्यात होती. आधी तिथे वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हे मोठे हॉटेल होते, ते पाडून ही इमारत बांधली. चारही बाजूंना वर्दळ. सामान साठवायला जागाच नव्हती. मग त्यांनी ठरवले की सामान साठवायचेच नाही. जे आज लागणार ते आजच येणार. सुमारे ५७ हजार टन पोलाद पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यांतून येत होते. प्रत्येक तुळईवर क्रमांक असायचा : कोणत्या मजल्यावर, कोणत्या जागी, कोणत्या क्रेनने चढवायची. ट्रकवरून उतरली की थेट वर.

विटांचेही तसेच. साधारणपणे विटा रस्त्यावर ओतायच्या आणि मग हातगाडीने आत न्यायच्या, ही रीत. इथे विटा घसरणीवरून थेट तळघरातल्या मोठ्या पेटाऱ्यात पडत. तिथून ढकलगाडीत भरून लिफ्टने वर आणि वर प्रत्येक मजल्यावर छोटे रूळ टाकलेले असत, त्यावरून गवंड्याच्या हाताशी. जेवायला इतक्या उंचीवरून खाली उतरून पुन्हा चढायचे म्हणजे तासभर गेलाच. म्हणून काही मजल्यांवर तात्पुरती उपाहारगृहेच उघडली होती.

गर्दीच्या दिवसांत एकाच वेळी तीन हजारांहून अधिक कामगार तिथे काम करत होते. पोलादी सांगाडा साधारण सहा महिन्यांत उभा राहिला. खर्च जमिनीसह सुमारे ५ कोटी डॉलर होईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात तो सुमारे ४ कोटी १० लाखांवर थांबला.

२. पण इथेच थांबू नका

एवढे ऐकून मुले टाळ्या वाजवतील. त्यांना वाजवू द्या, आणि मग उरलेली बाजू सांगा.

ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला होता. महामंदी सुरू झाली होती. कारखाने बंद, लोक बेकार. त्यामुळे माल स्वस्त झाला आणि कामगार सहज मिळू लागले. खर्च कमी होण्यात नियोजनाचा वाटा होता, तसा या मंदीचाही होता. हे सांगितले नाही तर आपण मुलांना अर्धेच खरे सांगितले असे होईल.

दुसरे म्हणजे, अधिकृत नोंदीप्रमाणे या कामात पाच कामगारांचा मृत्यू झाला. उंचावर काम करणाऱ्यांपैकी बरेच जण युरोपातून आलेले स्थलांतरित होते आणि त्यांच्याबरोबर मोहॉक या मूळ अमेरिकी समाजातील कुशल पोलादी कामगार होते. ल्युइस हाइन या छायाचित्रकाराने या कामगारांचे फोटो काढले, ते वर्गात जरूर दाखवा. इथे एक खबरदारी घ्या. तुळईवर ओळीने बसून डबा खाणाऱ्या अकरा कामगारांचा जो प्रसिद्ध फोटो आहे, तो बहुतेक ठिकाणी एम्पायर स्टेटचा म्हणून फिरतो. तो तिथला नाही. तो १९३२ साली न्यूयॉर्कमध्येच रॉकफेलर सेंटरच्या बांधकामावर काढलेला आहे. फोटो कुठला हे तपासल्याशिवाय फळ्यावर लावायचा नाही, हाही एक धडाच.

तिसरे, इमारत वेळेवर झाली पण भाडेकरू आले नाहीत. मंदीत कोण एवढी मोठी कार्यालये घेणार? लोक तिला ‘एम्प्टी स्टेट बिल्डिंग’, म्हणजे रिकामी इमारत म्हणू लागले. गच्चीवरून शहर पाहायला येणाऱ्यांच्या तिकिटांनी सुरुवातीची वर्षे तारून नेली. नफा दिसायला १९५० साल उजाडावे लागले. शिखरावरच्या मनोऱ्याला हवाई जहाजे बांधायची आणि प्रवासी तिथून उतरवायचे, अशीही कल्पना होती. वरच्या वाऱ्यापुढे ती टिकली नाही. म्हणजे वेळेवर आणि कमी खर्चात झालेल्या इमारतीचेही सगळे हिशेब बरोबर आले होते असे नाही.

३. सिडनी : चित्र सुंदर, पण छत कसे बांधायचे?

आता समुद्रापार ऑस्ट्रेलियात जाऊ.

सिडनीमध्ये संगीतासाठी चांगले सभागृह असावे, असा आग्रह यूजीन गूसन्स या संगीत संचालकाने धरला. न्यू साउथ वेल्स राज्याचे मुख्यमंत्री जोसेफ काहिल यांना ते पटले. बंदरात शिरलेल्या बेनेलाँग पॉइंट या टोकावरची जागा ठरली. तिथे तेव्हा ट्रामचा डेपो होता. जगभरातून आराखडे मागवले. ३२ देशांतून २३३ आराखडे आले. जानेवारी १९५७ मध्ये निकाल लागला आणि पहिला आला डेन्मार्कचा ३८ वर्षांचा वास्तुविशारद यॉर्न उत्झॉन.

त्याचे चित्र पाहून लोक थक्क झाले. पाण्याच्या काठावर वाऱ्याने फुगलेल्या शिडांसारखी पांढरी छते. पण ती कल्पनाचित्रे होती. त्या छतांचा वक्र नेमका कोणता, जाडी किती, भार कुठे उतरणार, याचे गणित तोवर कोणी मांडलेले नव्हते.

तरीही खर्चाचा अंदाज जाहीर झाला : ३५ लाख ऑस्ट्रेलियन पौंड. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने डॉलर हे चलन स्वीकारले, तेव्हा एका पौंडाचे दोन डॉलर धरले. म्हणजे ७० लाख डॉलर. काम संपण्याची तारीखही ठरली : २६ जानेवारी १९६३. पैशांसाठी खास सरकारी लॉटरी सुरू झाली आणि पुढे बहुतेक खर्च तिनेच पेलला.

२ मार्च १९५९ रोजी काम सुरू झाले. उत्झॉन आणि अभियंते म्हणत होते, नकाशे अजून तयार नाहीत. सरकार म्हणत होते, सुरू करा. काहिल यांना भीती होती की लोकमत फिरेल, पैसा दुसरीकडे वळेल आणि काम कायमचे राहून जाईल. ती भीती अगदीच खोटी नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काहिल यांचे निधन झाले.

घाईची किंमत लवकरच दिसू लागली. जमिनीखाली पक्का वालुकाश्म असेल असे धरले होते. खणल्यावर सैल गाळ आणि त्यात शिरलेले समुद्राचे पाणी लागले. समुद्रपातळीच्या खाली २५ मीटरपर्यंत जाणारे शेकडो काँक्रीटचे खांब घालावे लागले. पावसाने खोळंबा केला. पावसाळी पाण्याचे नाले वळवताना अडचणी आल्या. नकाशे बदलत राहिले. जानेवारी १९६१ मध्ये काम ४७ आठवडे मागे पडले होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, चौथऱ्याचे खांब उभे राहिल्यावर कळले की वरच्या छताचा भार त्यांना पेलणार नाही. छताचे वजनच आधी ठरले नव्हते, तर खांब बरोबर कसे येतील? ते खांब पुन्हा बांधावे लागले.

जोते झाल्यावर स्वयंपाकघर मोठे करणाऱ्या घरमालकाची आठवण झाली ना? गोष्ट तीच. फक्त आकडे मोठे.

४. मोसंबीच्या सालीत सापडलेले उत्तर

आता या कथेतला मुलांना सर्वांत आवडणारा भाग.

१९५७ पासून उत्झॉन आणि ओव्ह अरुप यांच्या कंपनीचे अभियंते छताचा आकार शोधत होते. त्यांनी कमीत कमी बारा वेळा आराखडा बदलला. कधी परवलय घेतले, कधी लंबवर्तुळाकार कवच. अडचण एकच होती. प्रत्येक छताचा प्रत्येक भाग वेगळ्या वक्राचा येत होता. काँक्रीट ओतायला साचा लागतो. प्रत्येक तुकड्याला वेगळा साचा करायचा तर खर्च हाताबाहेर गेला असता.

१९६१ मध्ये उत्तर सापडले. सगळी छते एकाच गोलाचे तुकडे म्हणून घ्यायची. गोलाची त्रिज्या सुमारे ७५ मीटर. गोलाचा वक्र सगळीकडे सारखाच असतो. त्यामुळे छते लहान-मोठी असली तरी त्यांच्या बरगड्या एकाच प्रकारच्या साच्यांतून काढता येतात. जमिनीवर काँक्रीटचे दोन हजारांहून अधिक तुकडे ओतले, ते सरकत्या पोलादी कमानीच्या आधाराने वर रचले आणि पोलादी तारा ताणून एकमेकांना घट्ट आवळले. हिशेब इतके किचकट होते की त्यासाठी त्या काळातले संगणक वापरावे लागले. बांधकामात संगणक वापरण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक आहे.

छतावरच्या फरश्या स्वीडनमध्ये तयार झाल्या. संख्या १० लाखांहून अधिक. एवढ्या उंचावर, त्या उतारावर एकेक फरशी कोण बसवणार? म्हणून त्या जमिनीवरच साच्यात मांडून त्यांचे मोठे तक्ते केले आणि मग तक्ते वर चढवले. इथेही युक्ती तीच : वक्र सारखा, म्हणून तक्ते ठरावीक मापांचे.

वर्गात करून बघा. एक मोसंबी आणि एक पपई आणा. मोसंबीची साल जरा जाड ठेवून वेगवेगळ्या मापांचे त्रिकोणी तुकडे काढा. कोणताही तुकडा तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या मोसंबीवर कुठेही ठेवा, नीट बसतो. आता पपईचे तसेच करा. देठाकडचा तुकडा मधोमध बसत नाही, मधला टोकाला बसत नाही. मग विचारा, पपईच्या आकाराचे छत करायचे असते तर किती साचे लागले असते? मुले आपणहून सांगतात. भूमितीतला गोल इतका कामाचा असू शकतो हे त्यांना एरवी कळत नाही.

५. काँक्रीटपेक्षा अवघड अडचण

छताचा प्रश्न सुटला. माणसांचा सुटला नाही.

१९६५ च्या निवडणुकीत राज्यातले सरकार बदलले. नवे बांधकाममंत्री डेव्हिस ह्यूज यांनी वाढत्या खर्चावर बोट ठेवले. ते चूक होते असे म्हणता येणार नाही, पैसा लोकांचा होता. पण आतल्या सभागृहांसाठी प्लायवूडचे नमुने करून पाहायला त्यांनी मंजुरी दिली नाही, आणि उत्झॉन यांचे मानधनही अडले. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी उत्झॉन यांनी काम सोडले. त्यांना परत आणा म्हणून सिडनीत मोर्चा निघाला. उपयोग झाला नाही. एप्रिलमध्ये ते कुटुंबासह ऑस्ट्रेलियातून निघून गेले.

पीटर हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे काम हाती घेतले. त्यांच्या वाट्याला आलेले काम सोपे नव्हते. बाहेरून इमारत उभी होती, आतले बरेचसे ठरायचे होते. एकाच मोठ्या सभागृहात ऑपेराही व्हावा आणि वाद्यवृंदाची मैफलही, अशी मूळ मागणी होती. ऑपेराला रंगमंचाची यंत्रणा आणि वर उंच मोकळी जागा लागते, मैफलीला आवाज घुमण्यासाठी वेगळी रचना लागते. शेवटी मोठे सभागृह फक्त मैफलींसाठी ठेवले. तिथे बसवलेली रंगमंचाची यंत्रणा काढून टाकली. आणि ज्याच्या नावाने इमारत ओळखली जाते तो ऑपेरा गेला लहान सभागृहात, जिथे वादकांना बसायला जागा अपुरी पडू लागली.

२० ऑक्टोबर १९७३ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झाले. खर्च १० कोटी २० लाख डॉलर. उत्झॉन तिथे नव्हते.

पुढे काळ बदलला. १९९९ मध्ये उत्झॉन यांना पुन्हा सल्लागार म्हणून जोडून घेतले गेले. २००३ मध्ये त्यांना वास्तुकलेतला प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये इमारत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. २००८ मध्ये उत्झॉन वारले. पूर्ण झालेली आपली इमारत त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही. मोठ्या सभागृहातल्या आवाजाच्या तक्रारी दूर करण्यासाठी मोठे काम करावे लागले आणि ते सभागृह २०२२ मध्ये नव्याने उघडले. बघा, एका घाईचे धागेदोरे किती लांब जातात.

६. मग धडा काय?

मुले पटकन म्हणतील, ‘घाई करू नये.’ इथे त्यांना थांबवा. घाई तर दोन्हीकडे होती. उलट न्यूयॉर्कमध्ये जास्तच होती. मग एकीकडे घाई पचली आणि दुसरीकडे का नाही पचली?

फरक असा : न्यूयॉर्कमध्ये पहिली कुदळ पडण्याआधी बहुतेक प्रश्नांची उत्तरे तयार होती. काय बांधायचे, कोणत्या क्रमाने, कोणता तुकडा कधी येणार, कोण चढवणार. घाई होती ती फक्त करण्याची. सिडनीत काम सुरू झाले तेव्हा मुख्य प्रश्नच सुटायचा होता. तिथे विचार करण्याचीही घाई झाली. ठरलेले काम भरभर करता येते. न ठरलेले काम भरभर केले की ते दोनदा करावे लागते.

पण हेही तितकेच खरे की दोन्ही इमारतींची तुलना अगदी सरळ नाही. पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती न्यूयॉर्कने आधी कितीतरी बांधल्या होत्या. सिडनीसारखे छत जगात कुठेच नव्हते. जे कोणी केलेले नाही त्याचे अंदाजपत्रक अचूक कसे येणार? आणि आज कोणी सिडनीच्या माणसाला विचारले, ही इमारत नको होती का, तर तो काय म्हणेल याची कल्पना आपण करू शकतो. उशीर आणि खर्च ही एक बाजू झाली. इमारत लोकांना काय देते ही दुसरी. मुलांनी दोन्ही बाजू तराजूत घालायला शिकावे.

७. वर्गात कसे घ्याल?

गणित : ७० लाखांचे १० कोटी २० लाख झाले. किती पट? साधारण साडेचौदा. शेकडा वाढ किती? इथे बरीच मुले १४५७ टक्के लिहितात. मूळ रक्कम वजा करायची राहून जाते. बरोबर उत्तर साधारण १३५७ टक्के. ‘पट’ आणि ‘वाढ’ यांतला फरक समजवायला याहून चांगले उदाहरण नाही. वेळेचे गणितही द्या : ठरले होते जवळपास चार वर्षे, लागली साडेचौदा वर्षांहून थोडी जास्त. हुशार मुलांना आणखी एक प्रश्न टाका : १९५७ चा डॉलर आणि १९७३ चा डॉलर यांची किंमत सारखी असेल का? वाढलेल्या आकड्यात महागाईचा भाग असतो, हे त्यांना यावरून सुचेल.

विज्ञान व भूमिती : वरचा मोसंबी-पपईचा प्रयोग.

भूगोल : दोन्ही जागांचे नकाशे काढायला लावा. एक दाट शहराच्या मध्यभागी, दुसरी तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली. जागेमुळे कोणत्या अडचणी आल्या, त्याची यादी.

वादविवाद : ‘काहिल यांनी १९५९ मध्ये काम सुरू केले ते योग्यच केले.’ वर्गाचे दोन गट करा. एक गट म्हणेल, नकाशे नसताना काम सुरू करणे चूक. दुसरा म्हणेल, ते सात महिन्यांत गेले, थांबले असते तर ही इमारत झालीच नसती. दोन्ही बाजूंना सबळ मुद्दे आहेत. शेवटी निकाल देण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा.

परिसर अभ्यास : शाळेजवळ चालू असलेले एखादे बांधकाम, परवानगी घेऊन आणि सुरक्षित अंतरावरून पाहावे. मुकादम, गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, प्लंबर, वायरमन यांना मुलांनी तीनच प्रश्न विचारावेत : तुमच्या आधी कोणाचे काम पूर्ण व्हावे लागते? तुमच्यानंतर कोणाचे सुरू होते? काम अडते ते बहुधा कशामुळे? उत्तरे एकत्र मांडली की कामांची साखळी फळ्यावर आपोआप तयार होते. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा कोणाकोणाला होता, हेही मुलांनी टिपावे. पाच कामगारांचा आकडा त्यानंतर त्यांना नुसता आकडा वाटणार नाही.

८. पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, मुलांचा शाळेतला प्रकल्प आदल्या रात्री दहा वाजता सुरू होतो, हे आपण सगळेच जाणतो. पुठ्ठा आहे तर डिंक नाही, डिंक आहे तर विषयच नक्की नाही. मग आई कापते, बाबा चिकटवतात आणि मूल झोपलेले असते.

पुढच्या वेळी मुलाला ‘उशीर का केलास?’ असे विचारण्याआधी, प्रकल्प मिळाला त्याच दिवशी त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा. एक कागद घ्या आणि त्यालाच लिहू द्या : काय करायचे आहे, काय काय लागेल, कोणते काम आधी, कोणते नंतर आणि मला अजून काय माहीत नाही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. सिडनीच्या कामात तोच रकाना भरायच्या आधी कुदळ पडली. तो भरला की मग मुलाला आपल्या वेगाने काम करू द्या. एखादी गोष्ट नवीनच करून पाहायची असेल तर तिला जास्त वेळ लागेल, हेही मान्य करा. ठरलेल्या नमुन्याचा ताजमहाल थर्माकोलमध्ये सगळेच करतात. ज्याला काही वेगळे सुचले आहे त्याचे काम वाकडे होईल, उशिरा होईल. ते पूर्ण करायला त्याच्या पाठीशी उभे राहा, आणि त्याचे काम त्याच्या हातून काढून घेऊ नका. उत्झॉन यांच्या हातून ते गेले आणि नुकसान दोघांचेही झाले, त्यांचे आणि इमारतीचे.

शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठीही यात एक गोष्ट आहे. प्रकल्पाचे गुण देताना आपण तयार वस्तू पाहतो. त्या कागदालाही थोडे गुण ठेवा. कोणते प्रश्न आधी ओळखले, कोणते मध्येच निघाले, तेव्हा काय केले, हे मुलाने चार ओळींत लिहिले तर तयार वस्तूपेक्षा त्यातून जास्त कळते.

स्वाध्याय

१. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या कामात सामान साठवायला जागा नव्हती. या अडचणीवर कोणता उपाय केला?
२. सिडनी ऑपेरा हाऊसच्या चौथऱ्याचे खांब पुन्हा का बांधावे लागले?
३. सर्व छते एकाच गोलाचे भाग मानल्यामुळे कोणता फायदा झाला?
४. ‘एम्पायर स्टेट बिल्डिंग पूर्णपणे यशस्वी आणि ऑपेरा हाऊस पूर्णपणे अयशस्वी’ हे विधान तुम्हाला पटते का? दोन्ही बाजूंची कारणे द्या.
५. तुमच्या घरात किंवा गावात ठरल्यापेक्षा उशिरा झालेल्या एका कामाची माहिती मोठ्यांना विचारून लिहा. काम सुरू झाले तेव्हा कोणती गोष्ट ठरायची राहिली होती?

पाचव्या प्रश्नाची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून घ्या. त्या दिवशी ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण वेगळी शिकवायची गरज उरणार नाही.